माहीत नाही, मॅडम

सकाळचे पावणेनऊ. डोळ्यांच्या त्या दवाखान्यात रोज या वेळेला स्टाफची मीटिंग व्हायची. सगळे उभे, अर्धगोल करून. त्या दिवशी मॅडमनी, म्हणजे आमच्या मॅनेजरबाईंनी, मोबाईल छोट्या स्पीकरला जोडला आणि म्हणाल्या, "आज मीटिंगच्या आधी एक गंमत ऐकू या."

स्पीकरमधून माझा आवाज आला.

"डाक्टर आज हितं न्हाईत. ते दुसऱ्या दवाखान्यात हायेत. तुमी उद्याच्याला या. दहाच्या आत या, लई गर्दी आसती."

आदल्या दिवशी फोनवर बोललेलं. दवाखान्याचे सगळे फोन रेकॉर्ड व्हायचे. पलीकडे कोणी म्हातारा होता, आमच्याच बाजूचा. त्याचं बोलणं ऐकलं आणि माझी जीभ आपोआप तशी वळली. त्याला कळलं. "बरं झालं पोरी, नीट सांगितलंस," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. ते मात्र मॅडमनी ऐकवलं नाही.

सगळे हसले. मॅडमनी पुन्हा लावलं. मग नुसतं 'हायेत' एवढंच, तीन वेळा. मोठे डॉक्टर जिन्यावरून उतरत होते, तेही थांबले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "ही आपल्या रिसेप्शनवर बसते?"

मॅडम म्हणाल्या, "सर, यांच्या घरी शेळ्या आहेत. फोन उचलून 'मॅ' करत नाही, तेच नशीब समजा."

आता जे सांगते, ते सांगायला मला सगळ्यात जड जातं. मीपण हसले. खोटं खोटं नाही. तोंडावर हात धरून, सगळ्यांसारखी. स्पीकरमधली ती पोरगी जणू दुसरीच कोणी होती.

संध्याकाळपर्यंत ती क्लिप स्टाफच्या ग्रुपवर गेली होती. त्या दिवसापासून माझं नाव 'मॅ' पडलं.

आम्ही धनगर. पौडच्या बाजूला, रिह्याच्या खोऱ्यात खाली भाताची खाचरं आहेत, ती गावकऱ्यांची. आमची वाडी वर, डोंगराच्या अंगाला. सात घरं. शेळ्या, थोडी मेंढरं, पावसाळ्यात नाचणीचा तुकडा आणि बाकीचे दिवस दुसऱ्याच्या शेतावर मजुरी. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. मला वाढवलं आत्तीनं. आत्ती म्हणजे बापाची बहीण. तिचा नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी वारला आणि ती परत आली. तिला पोर नव्हतं. मला आई नव्हती. आमचं जमलं.

शाळा खाली गावात. पाऊण तासाची उतरण. आत्ती शेळ्या घेऊन माझ्याबरोबर उतरायची. मी वर्गात, ती कुंपणाच्या पलीकडं. शाळा सुटेपर्यंत तिथंच चारायची. मास्तर एकदा तिला म्हणाले, "आहो, पोरगी पळून जायची नाही. तुम्ही कशाला थांबता?" आत्ती म्हणाली, "ती न्हाई पळायची, मास्तर. पन वाटंत कुनी तिला माघारी धाडलं तर?" कोण धाडणार होतं, मला तेव्हा कळायचं नाही.

बी.कॉम. झाले. वाडीतली पहिली. दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा मुलाखतीत मॅडमनी माझा अर्ज वाचला आणि विचारलं, "आडनावावरून लक्षात आलं नाही. कोण तुम्ही?" मी म्हटलं, "धनगर." त्या म्हणाल्या, "अच्छा. तरीच." तरीच काय, ते मी विचारलं नाही. नोकरी हवी होती.

दवाखान्याजवळ, सूस गावात खोली घेतली. घरमालकाची शेती सोसायट्यांच्या इमारतींखाली गेलेली, त्यानं मागच्या अंगणात खोल्या काढल्या होत्या. माझ्याबरोबर प्राजक्ता राहायची. तीही त्याच दवाखान्यात, बिलिंगला. कासार आंबोलीची, घरची बागायती. घरी आईशी फोनवर बोलायची तेव्हा तीही 'हाय' आणि 'न्हाई'च करायची. खोलीचं दार लावून. क्लिप लागली तेव्हा सगळ्यात मोठ्यानं तीच हसली होती. रात्री म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नको. मी हसले नसते तर मॅडम माझ्याकडं वळल्या असत्या." मला ते तेव्हा बरोबर वाटलं होतं.

क्लिपनंतर मॅडमनी माझी 'तयारी' सुरू केली. जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं. चादरी ठेवायच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं, दातांत पेन्सिल आडवी धरायची आणि म्हणायचं: आहे. आहेत. नाही. नाहीत. इथे. तिथे. लाळ गळायची. हनुवटीवरून युनिफॉर्मवर. मॅडम दारात उभ्या राहून मोजायच्या. एकदा साफसफाईच्या मावशी चादर घ्यायला आल्या, मला तसं बघितलं आणि चादर न घेताच मागं फिरल्या.

मग काउंटरवर बोलायचा कागद आला. छापलेला. तेवढंच बोलायचं. 'आपले स्वागत आहे.' 'आपली अपॉइंटमेंट कन्फर्म झालेली आहे.' 'आपण वेटिंग एरियात बसून घ्या.' त्या कागदाबाहेरचा एक शब्द नाही. आणि ओळखीचं कोणी आलं तर काउंटरवर ओळख दाखवायची नाही, कारण एकदा आमच्या बाजूची दोन माणसं आली होती आणि काचेपलीकडून मोठ्यानं घरची खुशाली विचारायला लागली होती. मॅडम म्हणाल्या होत्या, "हे हॉस्पिटल आहे. तुमच्या वाडीचा पार नाही."

माझ्या वाढदिवसाला इतरांसारखा केक आला नाही. माझ्या कीबोर्डवर गवताची पेंढी ठेवली होती, लाल रिबीन बांधून. वर चिठ्ठी: 'हॅपी बर्थडे मॅ'. फोटो काढायला सगळे जमले. पेंढी हातात धरून मी फोटोत हसतेय. तो फोटो अजून आहे.

दोनदा मी मॅडमना भेटून बोलले. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "तुझ्या भल्यासाठीच चाललंय." दुसऱ्यांदा त्यांनी मला पत्र दिलं. शेवटची ताकीद. 'भाषा व वर्तन यात सुधारणा न झाल्यास सेवा समाप्त करण्यात येईल.'

तरी मी सोडून गेले नाही. का गेले नाही, असं आता लोक विचारतात. सोपं असतं विचारणं. आत्ती वाडीत सगळ्यांना सांगायची, "आमची पोर डोळ्याच्या दवाखान्यात हाय. काचंच्या आत बसती." माझ्या मागून वाडीतल्या दोन पोरी कॉलेजला जायला लागल्या होत्या, माझं नाव सांगून. मी परत गेले असते तर त्यांचे बाप म्हणाले असते, बघा, आली माघारी.

ताकीद मिळाल्याला आठवडाच झाला होता. मी काउंटरवर होते. तोंडाला मास्क, केसांचा घट्ट अंबाडा, अंगात निळा कोट. पुढं काच. काचेत बोलायला माइक, त्यातून आवाज पलीकडं फाटून, जाड होऊन जायचा. मॅडम माझ्या खुर्चीमागं उभ्या होत्या. नवीन मुलीला काम दाखवत होत्या.

समोर आत्ती आली.

एकटी. डोक्यावरचा पदर एका डोळ्यावर ओढलेला. दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू, तो आधीपासूनच होता. तिनं काचेला हात लावून अंदाज घेतला आणि म्हणाली, "बाई, डोळा लई ठनकतुया. कालच्यानं. डोस्कं फुटाय आलंय. वकाऱ्याबी हुत्यात."

माझ्या घशाशी शब्द आला होता. आत्ते. एवढाच.

मी म्हटलं, "आपलं नाव सांगा."

तिनं सांगितलं. मी टाइप केलं. जे नाव मी लहानपणापासून ऐकलं, त्याचं स्पेलिंग चुकलं, पुसून पुन्हा टाइप केलं. मग ती काचेच्या आणखी जवळ आली. "बाई, माझी भाची हाय हितं कामाला. तिला सांगाल का, तुजी आत्ती आलीया म्हनून?" आणि तिनं माझं घरातलं नाव घेतलं. दवाखान्यात ते कोणालाच माहीत नव्हतं.

मॅडम पुढं वाकल्या. "कोणाला विचारतायत या?"

मी म्हटलं, "माहीत नाही, मॅडम."

मग माइकमध्ये म्हटलं, "आपण वेटिंग एरियात बसून घ्या."

"व्हय बाई," म्हणून आत्ती गेली. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी ती भिंतीला पाठ लावून खाली बसली. गुडघ्यात डोकं घालून. मला तिथून ती दिसत होती. मला वाटलं, मॅडम हलल्या की जाईन. पाणी देईन. सांगेन, आत्ते, मीच होते. मॅडम हलल्या नाहीत. पेशंट येत राहिले. मी त्यांचं स्वागत करत राहिले.

मोठ्या डॉक्टरांनी तिला तपासलं. दोन-तीन मिनिटं. डोळ्यातला दाब भयंकर वाढला होता. अशा काचबिंदूत तास मोजायचे असतात, हे मला आता कळलंय. त्यावरचं लेझरचं मशीन आमच्याकडं नव्हतं. आजच्या आज शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलं पाहिजे, असं त्यांनी कागदावर इंग्रजीत लिहिलं, आणि कागद काउंटरला पाठवला. पेशंटला समजावून सांगायचं, रजिस्टरवर अंगठा घ्यायचा आणि शेजारी आपली सही करायची. हे माझं काम.

आत्ती पुन्हा काचेसमोर. मॅडम पुन्हा मागं.

मी छापील कागदावरचं म्हटलं. "आपणास पुढील उपचारांसाठी हायर सेंटरला रेफर करण्यात आलेलं आहे. इमर्जन्सी आहे. आपण आजच तिथे रिपोर्ट करा."

आत्ती ऐकत होती. कपाळाला आठ्या घालून. म्हणाली, "रिपोट कवा मिळंल बाई?"

तिला कळलं नव्हतं. आणि तिला कळलं नाही, हे मला कळलं होतं. तीन शब्द पुरले असते. 'आत्ते, आत्ताच शहरात जा.' चार झाले. चार शब्द. ते माझ्या तोंडात होते, तिच्या तोंडातून मी ते बोलायला शिकले होते. मी पुन्हा म्हटलं, जरा हळू, "आपण आजच हायर सेंटरला रिपोर्ट करा."

"पुढचा पेशंट घे," मॅडम म्हणाल्या.

काचेखालच्या फटीतून मी डॉक्टरांचा कागद दिला, मग शाईचा पॅड सरकवला. आत्तीला तो दिसेना, हात चाचपडत होता. मी फटीतून हात घालून तिचा हात धरला. अंगठा शाईवर टेकवला, मग रजिस्टरवर. तिचा हात तापलेला होता. तो क्षणभर माझ्या हातात तसाच थांबला. मग तिनं तो ओढून घेतला.

"बरं बाई," ती म्हणाली. "येते मी." आणि भराभरा, भिंतीच्या आधारानं, निघून गेली.

दहा मिनिटांनी मला बाहेर जायला मिळालं. ती रस्त्यावर कुठंच नव्हती. बापाला फोन लावला. तो शेळ्यांमागं डोंगरावर असणार, रेंज नाही. संध्याकाळी पुन्हा लावला. नाही लागला. मी स्वतःला सांगितलं, तिच्याकडं कागद आहे, कोणीतरी वाचून दाखवलं असेल, गेली असेल. माणूस स्वतःला काय काय पटवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बापाचाच फोन आला. "आत्तीचा डोळा लई सुजलाय गं. रातभर वराडत हुती."

"शहरात नेलं नाही?"

"शहरात कशाला? रिपोट मिळायचाय म्हनली."

मी रजा मागितली. मॅडम नाही म्हणाल्या. मी तशीच गेले. अर्ध्या वाटेवर बाप तिला घेऊन आला, तिथून आम्ही शहरात गेलो. गाडीत आत्तीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तिला काही सांगितलं नाही. तिनंही काही विचारलं नाही. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मला बाजूला घेतलं. आमचा कागद हातात धरून म्हणाल्या, "हा कालचा आहे. काल का नाही आणलं?"

तो डोळा गेला. दुखणं थांबलं, उजेड परत आला नाही. राहिला मोतीबिंदूचा डोळा. त्यात ऊन आणि सावली कळते, माणूस कळत नाही.

आणि मी सोमवारी कामावर गेले. हेही सांगितलं पाहिजे. कोट घातला, मास्क लावला, काचेमागं बसले आणि लोकांचं स्वागत केलं.

बुधवारी बाप आत्तीला घेऊन दवाखान्यात आला. मला न सांगता. तिच्या डोळ्यावर पांढरी पट्टी. बापाच्या हातात तो कागद, घडी पडून पडून मऊ झालेला. तो काउंटरकडं आला नाही. सरळ मॅडमच्या केबिनबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "ह्यात काय लिवलंय, ते मला वाचून दावा. आन आमाला का न्हाई सांगितलं, तेबी सांगा."

मला आत बोलावलं. मोठे डॉक्टर बसले होते. टेबलावर रजिस्टर उघडं होतं. 'पेशंटला सर्व माहिती समजावून सांगितली.' खाली निळा अंगठा. शेजारी माझी सही.

मॅडम इतक्या मऊ कधी बोलल्या नव्हत्या. बाहेरची माणसं माझीच आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "हे बघ, नातेवाईक चिडलेत. बाहेर पेशंट बसलेत. तू यांना शांत कर. सांग की त्या दिवशी सगळं नीट सांगितलं होतं, पेशंटनंच ऐकलं नाही. त्यांच्या भाषेत सांग, म्हणजे पटेल."

"त्यांच्या भाषेत म्हणजे?" दोन वर्षांत त्यांना विचारलेला माझा पहिला प्रश्न.

"म्हणजे... तुझ्या. ते हाय-न्हाई वगैरे. तुला येतं ना."

डॉक्टर म्हणाले, "हो, हो. तुमच्या बोलीत बोला. लोकांना आपुलकी वाटते."

मी त्या दोघांकडं बघितलं. दोघांनाही काहीच वाटलं नव्हतं. ते मला चिडवत नव्हते. ज्या बोलण्यासाठी मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं, ते बोलणं आता त्यांना हवं होतं. खोटं सांगायला. खरं सांगायचं होतं, तेव्हा त्याला बंदी होती.

मी बाहेर आले. काचेमागं नाही गेले. हॉलमध्ये, बाप आणि आत्तीच्या समोर. मास्क काढला. बापानं मला बघितलं आणि त्याचा चेहरा जरा सैल झाला. आपलं माणूस आलं, असं त्याला वाटलं. तो चेहरा मी कधी विसरणार नाही.

"दादा," मी म्हटलं. बापाला आम्ही दादाच म्हणतो. "त्या दिशी काचंच्या मागं मीच हुते. आत्तीला मीच सांगितलं. पन तिला कळंल असं न्हाई सांगितलं. हितं आपल्यासारकं बोलाय बंदी हाय. बोललं तर हसत्यात, कामावरनं काडाय बसत्यात. मॅडम माज्या मागं हुत्या. मी भ्याले. आत्तीनं माजं नाव घेतलं. मी म्हनले, माहीत नाही."

खुर्च्यांवरची सगळी माणसं, डोळ्यात औषध घालून बसलेली, आवाजाकडं तोंड करून.

मॅडम दारातून म्हणाल्या, "आत ये. आत्ताच्या आत्ता."

"न्हाई येत."

"काय बोलतेस तू?"

"जे बोलत हुते तेच. न्हाई येत. रजिस्टरवर लिवलंय ते खोटं हाय. तिला समजावून सांगितलं न्हाई. सही माजी हाय, आन मीच सांगतीया, खोटं हाय."

बिलिंगच्या खिडकीत प्राजक्ता होती. ती खाली बघून कागद चाळत राहिली.

बापानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आत्तीचा दंड धरला. "चल," तिला म्हणाला. मला नाही.

मी त्यांच्यामागं बस थांब्यापर्यंत गेले. कोट अंगातच होता. बाप लांब जाऊन उभा राहिला, पाठ करून. मी आत्तीजवळ बसले. म्हटलं, "आत्ते, चुकलं माजं."

तिनं डोळ्यावरच्या पट्टीवर पदर ओढला. मग म्हणाली, "मला ठावं हुतं."

"काय?"

"तूच हायेस त्ये. आवाज न्हाई वळखला. तो तुजा न्हवताच. पन अंगठा लावाय हात धरलास न्हवं? तो हात धरून शाळंत न्हेलाय म्या तुला. न्हाई कळायचा व्हय?"

मी म्हटलं, "मग का न्हाई बोललीस? का न्हाई इचारलंस, रिपोट म्हंजी काय?"

"तू वळख देत न्हाईस म्हंजी कायतरी आसंल. म्या म्हनलं, चारचौगांत हिला खाली बगाय लागंल. आपुन निगावं हितनं. म्हून निगाले."

बस आली. बापानं तिला चढवलं. बस गेली.

म्हणजे तिला माहिती होतं. मला लाज वाटू नये म्हणून तिनं न विचारता घाई केली होती. दवाखान्यानं तिच्याशी जे केलं आणि मी जे केलं, ते सगळं सांभाळून घ्यायला तिनं स्वतःचा डोळा दिला. मी त्या थांब्यावर बसून राहिले. रडू आलं नाही.

चौथ्या दिवशी प्राजक्तानं खोलीवर पाकीट आणलं. मॅडमनी दिलेलं. आत माझा राजीनामा, टाइप केलेला. त्यात एक ओळ: 'संबंधित पेशंटला माहिती देताना माझ्याकडून वैयक्तिक चूक झाली. यात संस्थेचा काही दोष नाही.' सही केली की अनुभवाचा दाखला मिळणार होता. चांगल्या शेऱ्यासकट.

प्राजक्ता पलंगावर बसली. "कर सही आणि मोकळी हो. खोटं काय आहे त्यात? तुझीच आत्या होती. ओळख तू दिली नाहीस."

ते मला लागलं, कारण ते खरं होतं. त्या राजीनाम्याकडं मी दोन दिवस नुसती बघत बसले. माझ्या मनानं तर सही केव्हाच केली होती. चूक माझी. माझ्याइतकं ते कोणाला माहीत आहे? पण तिसऱ्या दिवशी मी ती दुसरी ओळ पुन्हा वाचली. संस्थेचा काही दोष नाही. मग ती पेन्सिल कोणी दिली? तो छापील कागद कोणाचा? ताकीदीचं पत्र कोणाच्या सहीचं? माझी चूक एवढी मोठी आहे की तिच्या आडोशाला ते सगळे मावतात, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मी मान खाली घालून रडत बसावं आणि त्यांनी उद्या दुसऱ्या एखाद्या पोरीला भिंतीकडं उभं करावं.

मी सही केली नाही. पाकीट प्राजक्ताच्या हातात परत दिलं. तिला म्हटलं, "तू फक्त एवढं सांग, क्लिप लावली तेव्हा तू तिथं होतीस." ती म्हणाली, "मला यात ओढू नको." मी ओढलं नाही. खोली सोडली.

वाडीत राहतेय. सकाळी आत्तीचा हात धरून तिला उन्हात नेऊन बसवते. ती माझ्याशी बोलते, पूर्वीसारखीच, शेळ्यांचं, शेजारणीचं. तिनं मला एकदाही बोल लावला नाही. बाप बोलत नाही. तीन महिने झाले. भाकरी वाढली तर खातो, ताट माझ्याकडं देत नाही, खाली ठेवतो. त्यानं माफ करावं म्हणून मी काही करत नाही. ते त्याचं आहे.

तक्रार मी स्वतःच्या हातानं लिहिली. अकरा पानं. हे सगळं त्यात आहे, पेंढीचा फोटो आहे, क्लिप आहे, ताकीदीचं पत्र आहे. चौकशी लागली. पहिला जबाब द्यायला मला तालुक्याच्या गावी, पौडच्या सरकारी कचेरीत बोलावलं. दवाखान्याकडून वकील आला होता, इस्त्रीच्या शर्टात. जबाब लिहून घेणारे साहेब वयस्कर होते, भले वाटले. त्यांनी विचारलं, "काय काय झालं, सांगा. सावकाश सांगा."

मी आमच्या बोलीत सांगितलं. पहिल्या वाक्यापाशीच त्यांनी पेन थांबवलं. मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे आधी कशाला सांगता? ती तुमची आत्या आहे हे ओळखूनही तुम्ही गप्प राहिलात, असं लिहिलं तर ते पहिलं तुमच्यावरच येईल. समोरचा वकील तेच धरून बसेल. नाही लिहिलं तरी चालेल. बाकीचं पुष्कळ आहे."

वकील माझ्याकडं बघत होता.

"येऊ द्या माज्यावर," मी म्हटलं. "त्ये माजंच हाय. पन मंग त्याच्या खाली त्यांचंबी लिवायचं. एकबी गाळायचं न्हाई. मी सांगतीया तसंच लिवा, माज्या शब्दांत. 'आहे' करू नका."

मी खुर्ची पुढं ओढून घेतली.

"लिवा," मी म्हटलं. "ती माजी आत्ती हाय, त्ये मला म्हाईत हुतं."